चमकी पार्टी

सकाळी चहाच्या आधी बायकोनं माझ्या डोक्याला कलप लावला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यात विशेष काही नव्हतं, वर्षानुवर्षं ती ते करत आली होती. ती ओट्यावर बसायची, मी खालच्या पायरीवर. माझं डोकं ती दोन गुडघ्यांत आवळून धरायची, कोंबडीची मान धरावी तसं. दात घासायचा जुना ब्रश कलपात बुडवायचा आणि मुळापासून शेंड्यापर्यंत ओढायचा. केस माझे पार पाठीपर्यंत. अर्धी वाटी कलप जायचा.

"हलू नका. मानंवर आला तर काळं तोंड घिऊन फिरायचं मग."

"मानंवर आल्यावर तोंड कसं काळं हुईल?"

"तुमचं तसंच काळं हाय, कलपाची गरज न्हाई."

येता सोडून पुढच्या आयतवारी पवनेच्या धरणाकडेला एका रिसॉर्टवर आमच्या बँडचं बुकिंग होतं. सकाळच्या नाष्ट्याला गायचं. त्याच्यासाठी हा सगळा थाट.

"ह्या वयात बायका नातीच्या येण्या घालत्यात," ती म्हणाली, "आन् मी तुमच्या घालती." मग डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली, गाठ मारली, आणि "आर्धा तास हात लावू नका" म्हणून चहा टाकायला आत गेली. मी बसून राहिलो. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "काय फोडलंस?" ती काही बोलली नाही. तिनं उलट उत्तर दिलं नाही तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

शेजाऱ्याच्या गाडीतून कामशेतला नेली. तिथनं म्हणाले लोणावळ्याला न्या. मी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझ्या डोक्यावर पिशवी तशीच होती. घामानं कलप सुटला आणि तिच्या कपाळावर टपटप पडायला लागला. मी पुसत होतो, तो आणखी पसरत होता. दवाखान्यात डॉक्टर आला त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "आजोबा, डोक्याला काय झालंय?" म्हणाला. मी म्हणालो, "माझ्या डोक्याला काय न्हाई झालं, तिला बघ." त्यानं बघितलं. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आता बँडचं सांगतो, म्हणजे केसांची काय भानगड ते कळेल.

माझी शाळा चौथीपर्यंत. पोरवयात मी लग्नातल्या बँडमध्ये खुळखुळा हलवायचो, मग गळा बरा म्हणून गायला लागलो. लाल कोट, पितळी बटणं, डोक्यावर तुऱ्याची टोपी. मग बेंजो आला आणि पितळी बाजा म्हाताऱ्यांचा झाला. बेंजोवाले रेशमी शर्ट घालायचे, आम्हीही घातले. लग्न झालं तेव्हा मी दिवसा लोणावळ्याच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचो आणि सुपारी असली की गायचो. बंगल्याचा मालक मुंबईचा. त्याच्या पोरानं एकदा घर आवरताना एक खोकं कचऱ्यात टाकलं. त्यात बाहेरदेशच्या कॅसेटी होत्या आणि चित्रांची पुस्तकं. मी ते खोकं घरी आणलं.

चित्रात माणसं होती. केस फुगवलेले, ओठ रंगवलेले, डोळ्यांत काजळ, चित्त्याच्या कातड्याच्या विजारी, आणि हातात गिटार धरायची तऱ्हा कुऱ्हाडीसारखी. मी म्हणालो, "काय उफाड्याच्या बाया हैत."

ती चूल फुंकत होती. उठून आली, पुस्तक हातातनं घेतलं आणि उजेडाला धरलं. "बाया न्हाईत," म्हणाली. "गळ्याची घाटी बघा की. बाप्ये हैत."

कॅसेट लावली. ढोलासारखा ड्रम, वर गिटारीचं किंचाळणं आणि त्याच्या वर माणसाचं. शेजारीण धावत आली, हिला मी मारतोय असं समजून. पण मला त्या आवाजानं धरलं ते धरलंच. मला कळलं की माझा गळा लग्नातल्या गोड गाण्यांसाठी नाही, ह्याच्यासाठी आहे. तेवढं एकच मला आयुष्यात स्वतःहून कळलंय.

आम्ही तिघं होतो. मी, गिटारवाला आणि ड्रमवाला. गिटारवाला कामशेतचा, रेडिओ दुरुस्त करायचा, हात सफाईदार आणि मन खोटं. ड्रमवाला आमच्याच वाडीतला. दारू प्याला की ताल बरोबर धरायचा आणि शुद्धीत असला की चुकायचा, म्हणून आम्हीच त्याला पाजायचो. कपडे हिनं शिवले. बंगल्यातला जुना मखमली पडदा फाडून तीन कोट काढले. चित्त्याच्या विजारीसाठी ठिपक्यांची ब्लँकेटं आणली, त्या विजारींत आम्ही उन्हाळ्यात उकडून निघालो. कोटांवर नवरीच्या ओढणीला लावतात त्या टिकल्या लावल्या, बचकेनं. उन्हात उभं राहिलं की समोरच्याचे डोळे दिपायचे. लोकांनी नाव ठेवलं, चमकी पार्टी. रंग पण तीच लावायची. अंगठ्यानं गालाला लाली, करंगळीनं काजळ. "तोंड मिटा. आता उघडा. माकडावानी करू नका."

पहिल्या जत्रेत आम्हाला शेण मारलं. खोटं सांगत नाही, खरोखरचं, ओलं. "नाच्या आला, नाच्या आला" म्हणून पोरं ओरडली. पण लोणावळ्याच्या हॉटेलांत वेगळं झालं. तिथं मुंबईचे लोक यायचे. इंग्रजी मला येस-नो सोडून येत नव्हती. कॅसेट ऐकून जसं कानाला येईल तसं मी तोंडानं काढायचो. माझ्या गाण्यात एकही शब्द खरा नव्हता आणि कुणालाही त्याचं काही पडलं नव्हतं. शेवटी मी जी आरोळी ठोकायचो तिच्यासाठी लोक टेबलावर चढायचे. चार-पाच हंगाम आम्ही राजे होतो. हॉटेलवाले गाडी पाठवायचे. ज्यांनी शेण मारलं त्यांनी पोरांच्या हळदीला बोलावलं. हळदीत मी आपलीच जुनी गाणी त्या किंचाळत्या चालीवर म्हणायचो आणि नवरदेवाची आजी कानात बोळे घालून नाचायची.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. गावानं त्याचाही अर्थ लावला. नळावर एक बाई हिला म्हणाली, "नवराच लाली लावून फिरतो, पोर कुठनं हुनार?"

ही हंडा भरत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "तुझी पोरं बघितली की वाटतं, झाली न्हाईत तेच ब्येस."

त्या बाईचा थोरला तेव्हा चोरीत धरलेला होता. गाव हसलं. पण घरी आल्यावर चमकीच्या कोटाला लावायच्या टिकल्यांची पुडी तिनं मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी एकेक वेचून धुतली आणि लावायला बसली.

मग बंगल्यावरचा पोरगा परदेशातनं आला. मी त्याला आमचा फोटो दाखवला. तो इतका हसला की खुर्चीवरनं उठला. म्हणाला, "तात्या, हे सगळे बँड तिकडे मेले. आता कुणी असलं घालत नाही. आता फाटका चौकड्यांचा शर्ट, न विंचरलेले केस, आणि दुःखाची गाणी." मी घरी येऊन हिला सांगितलं.

ती म्हणाली, "फाटकं घालून रडायला तुमाला पैशे कोण दील? ते तर समदा मावळ फुकट करतोय."

पण ते वारं आमच्याकडंही आलंच, वेगळ्या वाटेनं. हॉटेलांत जुन्या गाण्यांना ठोके लावून वाजवणारं मशीन आलं. मग डीजे आला, ट्रकभर भिंतीएवढे स्पीकरचे डबे घेऊन. गिटारवाल्यानं गिटार खुंटीला लावली, डबे घेतले आणि वर मलाच म्हणाला, "भाऊ, तू डबे उचलायला ये, तुझी पाठ दणकट हाय." मी गेलो. ज्या हळदीत मी गायचो त्याच हळदीत डबे उतरवले. एक जण म्हणाला, "आरं, हा तर चमकी पार्टीवाला." दुसरा म्हणाला, "आता बिनचमकीचा." मग डीजेवर पोलिसांचे दांडके पडायला लागले आणि पांढरे झब्बे घातलेल्या पोरापोरींची ढोलपथकं आली. त्यांना माझ्यासारख्याची गरजच नव्हती. केस मात्र मी कापले नाहीत. सगळे म्हणाले काप. ही पण म्हणायची, पण कलप तीच लावायची.

अलीकडं पवनेच्या पाण्याकडेला तंबू आले आणि रिसॉर्टं आली. एका रिसॉर्टच्या मॅनेजरनं आमचा जुना फोटो कुणाकडं तरी बघितला आणि आम्हाला हुडकून काढलं. म्हणाला, "काका, जुन्याची फॅशन आलीये. तोच गेटअप पाहिजे. सेम टू सेम." आम्ही तिघं म्हातारे परत उभे राहिलो. ब्लँकेटच्या विजारी कमरेला बसेनात, हिनं बाजूनं कळ्या घातल्या. तंबूतली पोरं-पोरी आम्हाला बघून लोळायला लागली, मोबाईल वर धरले. कुणीतरी आमची फिल्म सोडली आणि ती सगळीकडं गेली. पुतण्यानं घरी आणून दाखवली.

मी म्हणालो, "बघ, लोकं किती खूश हैत."

ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "ते हसत्यात."

"मंग? खूश मानूसच हसतंय."

"न्हाई वो. पूर्वी अस्वलवाला यायचा, अस्वलाला फ्रॉक घालून नाचवायचा, तवा लोकं आसंच हसायची."

मी तिला नाही नाही ते बोललो. ती म्हणाली, "जावा तुमी. अस्वलाला कुटं कळतंय." आणि विजारीची कळी शिवायला घेतली. मला वाटलं, हिचा जळफळाट. मला गाणं परत मिळालं होतं. तिचं म्हणणं मला नको होतं.

आता मौतीचं.

तिला घरी आणली तेव्हा बायकांनी मला मोरीत ढकललं. डोकं धुतलं. धुवून बाहेर आलो तर केस काळेभोर, नुकत्याच वयात आलेल्या पोरासारखे, पाठीवर सोडलेले. स्मशानात मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना मला मागून ऐकू येत होतं. "बायको मेली त्या दिशीच ह्यानं कलप लावला." "आजूक कुणाला दावायचाय?" माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे हिच्या भावानं, मला तोंडावर विचारलं, "दाजी, यवढी घाई कशापायी?" मी सांगू शकलो असतो. पण सांगायचं काय, की तुझ्याच बहिणीनं लावला? सगळ्यांना हसू आलं असतं, आणि ती तिथं समोर जळत होती.

आमच्याकडं केस त्या दिवशी काढत नाहीत, दहाव्याला नदीवर काढतात. ज्यानं मेलेल्याचं पाणी द्यायचं, पिंड ठेवायचा, त्यानं डोकं, मिशा सगळं उतरवायचं. पोरगा असला तर पोरगा. आम्हाला नव्हता, म्हणून मी. दहावा आला शनिवारी. दुसऱ्या दिवशी आयतवार, रिसॉर्टचं बुकिंग.

राख सावडायला आले तेव्हाच गिटारवाल्यानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, वाईट वाटून घिऊ नकोस. वयनी गेल्या, लय वाईट झालं. पन मॅनेजरचा फोन आलता."

"सुतक हाय मला."

"सुतकाचं त्येला काय? त्यो म्हनतो, केसवाला म्हातारा पायजे. बाकी कोन बी चालंल. तुजे केस गेले तर आपुन तिगंबी गेलो."

"दहाव्याला काढावं लागत्यात."

"त्येचं बगितलंय मी," तो म्हणाला, आणि पुतण्याला हाक मारली. दोघांचं आधीच ठरलं होतं.

पुतण्या माझ्या भावाचा. तोंडानं गोड. म्हणाला, "नाना, तुमी कशाला थंड पान्यात उभं ऱ्हाताय? चुलतीचं पानी मी देतो. मी काय परका हाय का? मी डोकं करतो, तुमी बसा."

आता ह्यातली मेख आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बिनपोराच्या माणसाचं पाणी जो देतो तो उद्या त्याच्या वावरावर उभा राहतो. भावकी त्याच्याच बाजूनं बोलते, कारण दहा माणसांनी त्याचं मुंडकं बघितलेलं असतं. माझं वावर रिसॉर्टच्या वाटेवर आहे. गिटारवाल्याला माझे केस पाहिजे होते, पुतण्याला माझी जमीन पाहिजे होती. तिचं पाणी त्या दोघांनी आपसात वाटून घेतलं होतं.

मी नाही म्हणालो नाही. विचार करतो म्हणालो. खरं सांगायचं तर गाण्यावाचून माझ्याजवळ दुसरं काही राहिलं नव्हतं. घरात बसून मी भिंतीकडं बघत होतो आणि मला सारखं वाटत होतं, तिचं पाणी कुणीही दिलं तर मेलेल्याला काय समजणार आहे? जिवंत होती तेव्हा तरी तिला माझं काय लाभलं होतं?

दहाव्याला नदीवर गेलो. न्हावी दगडावर बसला होता. पुतण्या शर्ट काढून, आधीच डोकं ओलं करून त्याच्यापुढं बसला होता. गिटारवाला आणि ड्रमवाला मागं उभे. न्हाव्यानं वस्तरा दगडावर ओढला आणि विचारलं, "तुझी आय वारली का कोन?"

"चुलती," पुतण्या म्हणाला.

"मंग नवरा कुटंय?"

पुतण्यानं माझ्याकडं बोट केलं. न्हाव्यानं माझ्याकडं बघितलं. काळे केस पाठीवर. तो नुसता थुंकला, बाजूला, पाण्यात. मी पुतण्याला म्हणालो, "सरक."

"नाना, ठरलंय आपलं."

"तुजं ठरलं आसंल. सरक, न्हाईतर पान्यात ढकलीन."

तो सरकला. मी बसलो. गिटारवाला मागून म्हणाला, "आरं येड्या, शेवटचं बुकिंग हाय रं!" ड्रमवाला रडायला लागला. तो प्यालेला होता. न्हाव्यानं आधी कात्री लावली आणि गठ्ठाच्या गठ्ठा हातात घेऊन म्हणाला, "आबा, ह्ये ठेवताय का? केसावर भांडी देनारी बाई येती, चांगलं पातेलं मिळंल." भावकीतले हसले. मी म्हणालो, "ठेव तुला. तुज्या घरी भांडी नसतील." मग वस्तरा फिरला. कलप वेळेवर धुतला नव्हता म्हणून खालचं कातडं जागोजाग काळं पडलेलं आणि भाजलेलं होतं. वस्तरा लागला तशी आग झाली. न्हावी म्हणाला, "डोकं हाय का तवा?"

पिंड ठेवला. आमच्याकडं कावळा शिवेपर्यंत हलायचं नाही. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर तो शिवत नाही, मग नातेवाईक एकेक कबूल करत बसतात, हे करीन, ते करीन. मेव्हणा तयारीनंच उभा होता. माझ्याकडून गाणं सोडायचं वचन घ्यायचं, हे त्यानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पुतण्याचंही काही होतं. पण आम्ही हात धुवून मागं फिरतो न फिरतो तोच कावळा आला, भातात चोच घातली, आणि दुसराही आला. मेव्हण्याचं तोंड उघडं ते उघडंच.

पुतण्या म्हणाला, "चुलतीची काय इच्छाच न्हवती म्हनायची."

मी म्हणालो, "माज्याकडनं कायबी मागायचं तिनं कवाच सोडलंतं."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, अंघोळ केली, चमकीचा कोट घातला आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो. सुतक फिटलं नव्हतं. ओट्यावर बसलेल्या भावकीनं बघितलं. कुणीतरी म्हणालं, "काल पानी दिलं, आज नाचायला निगाला." गिटारवाल्याचा टेम्पो आला. त्यानं मला बघून गाडी थांबवली, पण शिवी दिली. "आता काय येतोस? बोकड सोललाय नुसता." मी मागं चढलो.

रिसॉर्टवर मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "काका, हे काय? केस कुठे गेले?"

"बायको मेली."

"अरेरे. सॉरी हं काका." मग जरा थांबून म्हणाला, "पण मला कळवायचं ना आधी. लोकांना मी तसं सांगितलंय." त्यानं आतून बर्थडेच्या सामानातला पिवळ्या केसांचा टोप आणला. "एवढा घाला प्लीज. तासाभराचा प्रश्न आहे."

मी टोप खुर्चीवर ठेवला आणि माईकपुढं उभा राहिलो. तोंडाला रंग नव्हता. मला तो लावताच येत नाही, कधी माझ्या हातानं लावलाच नव्हता. ड्रमवाल्यानं ठेका धरला. मी गायलो. लोकांनी मोबाईल वर केले, आणि थोड्या वेळानं खाली घेतले. कुणी हसलं नाही. एकसुद्धा. खाली बघून खायला लागले. एका बाईनं आपल्या मुलीचं तोंड दुसरीकडं वळवलं. शेवटी मी आरोळी ठोकली, पूर्वी ठोकायचो तीच, तेवढीच लांब. ती मुलगी रडायला लागली.

मॅनेजरनं मागून वायर काढली. माईक मेला. "बस झालं काका, लोक खातायत," तो म्हणाला.

गिटारवाला थांबला. ड्रमवाला थांबला. मी बिनमाईकचं गाणं शेवटपर्यंत म्हटलं. मग तिथल्या टेबलावरची एक ताटली उचलली, उपमा वाढून घेतला आणि त्या लोकांच्यातच एका खुर्चीवर बसलो. माझ्या शेजारची दोघं उठून दुसरीकडं गेली. मी खाल्लं. मीठ कमी होतं. परत वाढून घेतलं.